शून्य अपघाताच्या पाटीला ढाल देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात कुपवाड, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), तासवडे, शिरवळ, सातारा अशा सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या सगळ्या औद्योगिक वसाहतींत शपथ घेतली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि वर्षभरात एकही अपघात न झालेल्या कारखान्याला ढाल मिळते. गेटवरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलेला ‘अपघातविरहित दिवस’ हा आकडा म्हणजे पात्रता. ही कसोटी बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र. एखादी संस्था सुरक्षित आहे का हे पाहायचे तर मागच्या अपघातानंतर किंवा थोडक्यात टळलेल्या प्रसंगानंतर तिथे काय बदलले हे पाहिले पाहिजे. पाटी ते सांगत नाही.

आधी आकड्यांचाच हिशेब घेऊ. आयएस ३७८६ या भारतीय मानकात मोजणीची रीत दिली आहे. कामाचे दिवस बुडवणाऱ्या दुखापतींची संख्या गुणिले १० लाख, भागिले सगळ्यांनी मिळून भरलेले कामाचे तास. हा वारंवारता दर. दुखापतींच्या जागी बुडालेले दिवस घेतले की तीव्रता दर मिळतो. मृत्यू झाला तर ६,००० दिवस बुडाले असे धरतात.

आता कुपवाडमधले ६० माणसांचे वर्कशॉप घ्या. ६० माणसे, ८ तास, ३०० दिवस, म्हणजे वर्षाला १,४४,००० तास. एकाचे बोट गेले तर दर ६.९४, नाही गेले तर शून्य. मधला आकडा संभवतच नाही. समजा तिथला खरा धोका दोन वर्षांत एक अपघात एवढा आहे. तरी कोणतेही एक वर्ष कोरे जाण्याची शक्यता शेकडा ६० आहे. म्हणजे मालकाने एक नटसुद्धा न बदलता पाचांतली तीन वर्षे ढाल घरी नेता येते. संख्याशास्त्रात यासाठी सोपा ठोकताळा आहे: काहीच घडले नसेल तेव्हा ३ ला तासांनी भागा. १,४४,००० तासांत शून्य अपघात म्हणजे १० लाख तासांमागे दर २१ च्या खाली असावा, इतकेच शेकडा ९५ खात्रीने म्हणता येते. २१ हा वाईटच दर आहे. म्हणून लहान युनिटचे एका वर्षाचे आकडे बघू नयेत. पाच वर्षे एकत्र धरावीत, नाहीतर एकाच धंद्यातली दहा-पंधरा युनिटे मिळून एक दर काढावा. आणि फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) दर रुग्णालयाशी किंवा सूतगिरणीशी तोलण्यात काही अर्थ नाही. प्रत्येकाने स्वतःच्या मागच्या पाच वर्षांशी तुलना करावी.

शून्य कसे तयार केले जाते, हेही वाचकांना माहीत असावे. पूर्वी कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ प्रमाणे आणि आता त्याची जागा घेतलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेप्रमाणे ज्या दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही, तिची सूचना द्यावी लागते. मग बोटाला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षाने आणून टाइम ऑफिसात बसवतात, हजेरी लावतात आणि त्याला ‘हलके काम’ म्हणतात. दुसरी रीत ठेकेदाराच्या माणसांची. त्यांचे तास कंपनीच्या तासांत धरायचे, पण त्यांचा अपघात ठेकेदाराच्या नावावर टाकायचा, म्हणजे भाजक वाढतो आणि भाज्य घटतो. तिसरी रीत, ईएसआयला (कामगार राज्य विमा योजनेत) न नेता खासगी दवाखान्यात नेऊन बिल रोखीने भागवायचे.

हे पकडणे अवघड नाही. तीन वह्या शेजारी ठेवा: कारखान्याचे अपघात रजिस्टर, ईएसआयला पाठवलेले फॉर्म १२ (अपघाताचा अहवाल) आणि प्रथमोपचार पेटीशेजारची ड्रेसिंगची वही. ईएसआयमध्ये तीन दिवस किंवा जास्त अकार्यक्षमता असली की लाभ मिळतो, त्यामुळे तिथला दावा आणि कारखान्याचे रजिस्टर यांचा मेळ बसलाच पाहिजे. १०० माणसांच्या फाउंड्रीत वर्षभरात ड्रेसिंगच्या वहीत एकही भाजल्याची नोंद नसेल, तर तिथे वही लिहिली जात नाही, असाच निष्कर्ष काढावा. मिरजेतल्या रुग्णालयांना हीच फूटपट्टी लागते. शंभर-दीडशे खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात सुई टोचल्याची एकही नोंद नसणे चिंतेचे आहे. टोचल्यावर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. बोलणी खावी लागतील म्हणून गप्प बसलेल्या सिस्टरचे ते तास असेच निघून जातात.

कमी दुखापती आणि मोठा स्फोट एकाच ठिकाणी नांदू शकतात. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटी येथे बीपी या तेल कंपनीच्या रिफायनरीत १५ माणसे मेली. हातापायाच्या दुखापतींचे तिथले आकडे चांगले होते. पण टॉवरमध्ये द्रव किती भरला आहे हे दाखवणारे यंत्र चुकीचे आकडे देत होते आणि टॉवर काठोकाठ भरून वाहिला. २००७ मध्ये चौकशी समितीने लिहिले की वैयक्तिक दुखापतींच्या दरावरून कंपनीने प्रक्रियेच्या सुरक्षिततेचा चुकीचा अंदाज बांधला. त्यानंतर २० एप्रिल २०१० ला बीपीच्याच समुद्रातल्या तेलविहिरीवर डीपवॉटर होरायझन हा खोदकामाचा तरंगता फलाट पेटला, ११ जण गेले. सात वर्षे दिवस बुडवणारा अपघात नाही म्हणून शाबासकी द्यायला आलेले वरिष्ठ अधिकारी त्याच दिवशी त्या फलाटावर होते.

आता मुख्य गोष्ट, संस्थेचे शिकणे. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ मध्ये त्याचे दोन प्रकार मांडले. चूक दुरुस्त करून पुन्हा तेच काम तसेच चालू ठेवणे हा पहिला. ज्या पद्धतीमुळे चूक होते ती पद्धतच तपासून बदलणे हा दुसरा. पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्याकडच्या फाउंड्रीतला वाळूचा पट्टा बघू.

पट्ट्याच्या मागच्या टोकाच्या ड्रमवर ओलसर वाळूचा थर बसतो. थर चढला की पट्टा एका बाजूला सरकतो. तो सरळ करायला हेल्पर सळई घेऊन चालू ड्रमवरची वाळू खरवडतो. सळई ड्रम आणि पट्ट्याच्या मध्ये सापडते, सळईबरोबर हात जातो. ड्रमवर गार्ड (संरक्षक झाकण) असतो, पण चार बोल्टांनी आवळलेला. काढून परत बसवायला पंधरा मिनिटे लागतात आणि वाळू पाळीत तीन वेळा काढावी लागते. म्हणून पहिल्या आठवड्यात तीन बोल्ट गायब होतात, दुसऱ्या आठवड्यात गार्ड भिंतीला टेकलेला असतो. अपघातानंतरच्या अहवालात कारण लिहिलेले असते ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि उपाय ‘समज देण्यात आली, गार्ड पुन्हा बसवला’. हे पहिल्या प्रकारचे शिकणे. महिन्याभरात गार्ड पुन्हा भिंतीला.

दुसऱ्या प्रकारात विचारतात की वाळू चिकटतेच का? परतीच्या पट्ट्यावरचा स्क्रेपर झिजलेला आहे का? वाळूत पाणी जास्त पडते का? मग स्क्रेपरची रबरी पट्टी बदलायची तारीख ठरते. सपाट ड्रमच्या जागी फटी असलेली विंग पुली येते, तिच्यावर वाळू टिकत नाही. गार्ड जाळीचा होतो आणि खालून उघडा राहतो, म्हणजे पडलेली वाळू बाहेरून फावड्याने ओढता येते. ग्रीसची निपल नळीने गार्डच्या बाहेर आणली जाते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी ओढताच पट्टा थांबवणारा ओढदोरीचा स्विच येतो. आता गार्ड काढायची गरजच पडत नाही, म्हणून तो जागेवर राहतो.

तर मोजायचे ते हे. कोणत्याही संस्थेचे शेवटचे वीस अपघात किंवा निअर मिस (थोडक्यात टळलेला प्रसंग) अहवाल काढा आणि ‘उपाय’ या रकान्याची वर्गवारी करा. धोका मुळातूनच काढला. कमी धोक्याचा पदार्थ वापरला. यंत्रात बदल केला. नियम, प्रशिक्षण किंवा पाटी लावली. हातमोजे, गॉगल दिले. पहिल्या तीन प्रकारांत वीसपैकी किती? चार-पाचसुद्धा नसतील तर संस्था कागद भरते, शिकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘समज देण्यात आली’ हे शब्द वीसपैकी किती अहवालांत आहेत, तेही मोजा.

नंतर तारखा बघा. उपाय कोण करणार आणि कधीपर्यंत, हे लिहिलेले हवे. ‘मेंटेनन्स विभाग’ हे कोणाचे नाव नव्हे. काम झाले म्हणून सही केली त्यानेच ते तपासू नये; ९० दिवसांनी दुसऱ्या विभागाच्या माणसाने जागेवर जाऊन बघावे. ९० दिवस अशासाठी की टाळलेला गार्ड किंवा तोडलेला इंटरलॉक (झाकण उघडताच यंत्र थांबवणारी सोय) तेवढ्यात उघड होतो.

उपाय किती पसरला, हे क्वचितच कोणी विचारते. आठ पॉवर प्रेसपैकी (पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या यंत्रांपैकी) एका प्रेसवर बोट गेले आणि त्या प्रेसला दोन हातांची बटणे बसवली. बाकीच्या सातांचे काय? शिवाय बटणे कशी आहेत तेही बघावे लागते. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक मिळाला पाहिजे आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागली पाहिजेत. ही सोय नसेल तर एक बटण चिकटपट्टीने किंवा लाकडी पाचरीने दाबून ठेवतात आणि दुसरा हात मोकळा होतो. तुकड्यावर पगार असेल तर हे हमखास होते. अशा वेळी पाचर लावणाऱ्यावर कारवाई करून भागत नाही. स्ट्रोकमागे पैसे देणारा दर त्या पाचरीला जबाबदार आहे.

निअर मिसबद्दल एक इशारा. अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ हाइनरिशने १९३१ मध्ये एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० नुसते प्रसंग, असे प्रमाण सांगितले. ते प्रत्येक सेफ्टी वर्गात फळ्यावर येते, पण तो निसर्गनियम नाही. फरशीवर घसरणे कमी केल्याने बॉयलर फुटायचा थांबत नाही. काही ठिकाणी दर माणशी महिन्याला दोन निअर मिस लिहायची सक्ती असते. मग सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘तेल सांडले होते’ एवढेच येते. सक्ती नको. चिठ्ठी टाकणाऱ्याला सात दिवसांत उत्तर मिळते का, हे मोजा. उत्तर मिळू लागले की चिठ्ठ्या आपोआप वाढतात आणि वाढलेला आकडा चांगला समजावा.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विसरण्याचे एक खास कारण आहे, साखर कारखान्यांचा हंगाम. गळीत संपले की हंगामी कामगार घरी जातात, ऑफ सीझनमध्ये टाक्या, ज्यूस हीटर, पॅन यांची सफाई ठेक्यावर होते आणि टोळी दरवर्षी नवी असते. गेल्या वर्षीचे शहाणपण गेल्या वर्षीच्या टोळीबरोबर गेलेले असते. अशा ठिकाणी शिकवण माणसाच्या डोक्यात ठेवून चालत नाही, ती कुलपात आणि फॉर्ममध्ये असावी लागते.

मळीच्या टाकीत तळाशी उरलेली मळी आंबते आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, खालीच बसतो. डिस्टिलरीच्या आणि सांडपाण्याच्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते, हे माहीत नसते. ‘वास गेला, आता उतरा’ म्हणणारा मुकादम माणसाला मरणाकडे पाठवत असतो. कामाच्या जागेवर मर्यादा १० पीपीएमची आहे.

उतरण्याआधी नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळतात. पाइपात ब्लाइंड प्लेट (वाट पूर्ण बंद करणारी चकती) घालावी. पंप आणि ढवळणीचा ब्रेकर बंद करून कुलूप लावावे, किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात. ब्लोअरने हवा द्यावी. मीटरने आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू पाहावेत. क्रम बदलू नये, कारण नेहमीच्या मीटरचा ज्वलनशील वायूचा सेन्सर ऑक्सिजन कमी असताना खोटा, कमी आकडा दाखवतो. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर नळी सोडून मोजावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचे नाही. हातदिवा २४ व्होल्टचा. बाहेर एक माणूस ट्रायपॉड आणि विंचजवळ उभा, आणि त्याने काही झाले तरी आत उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी माणसे जातात ती इथेच.

हे सगळे प्रत्यक्षात होते का, याची परीक्षा टाकीत उतरण्याच्या मागच्या दहा परमिटांवर (लेखी परवान्यांवर) होते. ताज्या हवेत मीटर ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो, म्हणून २०.९ लिहिलेले असणे गैर नाही. पण दहाही परमिटांवर वेळ बरोबर सकाळी ९, शाई एक, अक्षर एक, आणि तीन पातळ्यांऐवजी एकच आकडा असेल, तर परमिट टाकीजवळ भरलेले नाही, टेबलावर भरलेले आहे. बऱ्याच मीटरमध्ये नोंदी साठवलेल्या असतात, त्या उतरवून वेळा ताडून पाहाव्यात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यात शाळगावच्या एमआयडीसीतील खत कारखान्यात वायुगळती होऊन तिघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर काय गळले, कुठून गळले, वारा कुठे होता, भोंगा वाजला का, शेजारच्या लोकांनी काय केले, एवढ्या पाच गोष्टी एका पानावर साध्या मराठीत छापून दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक कारखान्याच्या सूचना फलकावर पोहोचल्या पाहिजेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि उद्योजकांच्या संघटना मिळून हे करू शकतात. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. त्यासाठी शिकणे थांबवायची गरज नाही. हवे तर कारखान्याचे नावही छापू नका.

संस्था एकमेकींपासून शिकत नाहीत याची सर्वांत दुःखद उदाहरणे आपल्याच राज्यात २०२१ साली घडली. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात तेच, ११ रुग्ण गेले. ऑडिट म्हणजे यादी करणे. यादीतली वायर बदलणे हे वेगळे काम आणि त्याला वेगळे पैसे लागतात. आपल्याकडच्या रुग्णालयांना अग्निसुरक्षेचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. तो आहे का, एवढ्यावर थांबू नये. मागच्या ऑडिटमधल्या त्रुटींपैकी किती पूर्ण झाल्या आणि रात्री २ वाजता ड्युटीवरच्या दोन सिस्टर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कोणत्या दाराने, कोणता सिलिंडर घेऊन बाहेर काढणार, हे त्यांनाच विचारावे. नासासारख्या संस्थेलाही हे जमले नव्हते. १९८६ मध्ये चॅलेंजर गेले, २००३ मध्ये कोलंबिया आणि तिच्यात कल्पना चावला. किरकोळ बिघाड वारंवार होऊनही यान सुखरूप परतते म्हणून तो बिघाड चालण्यासारखा मानला गेला, हेच दोन्ही वेळा चौकशीत निघाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० च्या कारखान्याला लागतो. कुपवाड-मिरजेतली वर्कशॉप, विट्यातले यंत्रमाग, सांगलीतल्या हळदीच्या गिरण्या, तासगावच्या बेदाणा शेडमधली गंधकाची धुरी, यांतले बहुतेक या आकड्याच्या खूप खाली आहेत. त्यांच्यासाठी वसाहतीतल्या आठ-दहा युनिटांनी मिळून एक प्रशिक्षित माणूस ठेवणे परवडण्याजोगे आहे.

येत्या ४ मार्चच्या ढालीसाठी परीक्षकांना आमची विनंती अशी. ऑफिसातले सादरीकरण बघू नका. गेल्या तीन वर्षांतला एक अपघात तुम्ही निवडा, कारखान्याला निवडू देऊ नका. त्या यंत्राजवळ रात्रपाळीत जा. तिथल्या दहा जणांना, त्यांत निम्मे ठेकेदाराचे असू द्या, सुपरवायझर बाजूला नसताना विचारा: इथे काय झाले होते आणि त्यानंतर काय बदलले? सहा-सात जणांनी बोटाने बदल दाखवला तर गुण द्या. मग रजिस्टरमधला सर्वांत जुना, अजून न झालेला उपाय कोणता आणि त्याची तारीख काय, ते पाहा. दोन वर्षांपूर्वीची तारीख असेल तर त्या यंत्राचा फोटो काढून घ्या आणि मालकाला तिथेच विचारा की हे कधी होणार.

आपले,
औद्योगिक सुरक्षा क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
सांगली-सातारा